पाझर तलाव : मातीच्या बांधाचा इतिहास

इतिहास हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर गड, दुर्ग, तह आणि लढाया उभ्या राहतात. पाण्याचा इतिहास म्हटले तर कोयना किंवा भाक्रा यांसारखी प्रचंड धरणे आठवतात. गावाच्या शिवेवर ओढ्याच्या पात्रात आडवा पडलेला, गवताने झाकलेला मातीचा लहानसा बांध हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. एस. टी.च्या खिडकीतून तो एखाद्या टेकाडासारखा दिसतो आणि मागे पडतो. त्यावर कोणाचे नाव नसते, उद्घाटनाची शिळा असलीच तर तिच्यावरची अक्षरे पुसलेली असतात.

तथापि, महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागातील गेल्या शतका-दीडशतकाचा सामाजिक इतिहास समजून घ्यावयाचा असेल तर या बांधाइतका बोलका साक्षीदार दुसरा नाही. दुष्काळ, मजुरी, जमिनीची मालकी, सरकारचे कर्तव्य आणि गावाची एकी किंवा बेकी, या साऱ्यांचे थर त्या भरावात एकावर एक दाबलेले आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपण मागे वळून पाहत असता, आपल्यापैकी अनेकांच्या मूळ गावी उभ्या असलेल्या या मुक्या साक्षीदाराची ओळख करून घेणे अप्रस्तुत होणार नाही.

गिरनारचा दाखला

मातीच्या बांधाचा आपल्या देशातील सर्वांत प्रसिद्ध लेखी पुरावा सौराष्ट्रात जुनागडजवळ, गिरनारच्या पायथ्याशी आहे. एकाच प्रचंड शिळेवर सम्राट अशोकाच्या आज्ञा, क्षत्रप रुद्रदामनाचा लेख आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळचा लेख असे तीन निरनिराळ्या राजवटींचे लेख कोरलेले आहेत. त्यांतील नंतरचे दोन्ही लेख एका तलावाविषयी आहेत. त्याचे नाव सुदर्शन.

रुद्रदामनाचा लेख सांगतो की, हा तलाव चंद्रगुप्त मौर्याचा प्रांताधिकारी वैश्य पुष्यगुप्त याने बांधविला आणि अशोकाच्या काळात यवन राजा तुषास्फ याने त्यास पाण्याच्या वाटा काढून दिल्या. पुढे शके ७२ मध्ये, म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास, मार्गशीर्ष महिन्यात भयंकर वादळी पाऊस झाला. सुवर्णसिकता, पलाशिनी आदी नद्यांना पूर आले आणि बांधाला ४२० हात लांब, तितकेच रुंद व ७५ हात खोल असे भगदाड पडले. सारे पाणी वाहून गेले. भगदाड एवढे मोठे होते की राजाच्या सल्लागारांनी दुरुस्तीचा विचार अशक्य ठरविला आणि प्रजा हताश झाली. अशा वेळी सुविशाख नावाच्या पह्लव अमात्याने ते काम अंगावर घेतले आणि बांध पूर्वीपेक्षा तिपटीने भक्कम करून पुरा केला.

या लेखातील एक उल्लेख विशेष मननीय आहे. हे काम करताना राजाने नगरातील व जनपदातील लोकांना कर, विष्टि आणि प्रणय यांनी पीडा दिली नाही; खर्च स्वतःच्या कोशातून केला, असे तो लेख आवर्जून नोंदवितो. विष्टि म्हणजे वेठ. प्रणय म्हणजे प्रेमाच्या नावाखाली उकळलेली वर्गणी. राजाने हे अभिमानाने कोरून ठेवले, याचाच अर्थ असा की एरवी असे बांध वेठीने आणि वर्गणीने बांधले जात असत. माती कोणी वाहावी आणि त्याला काय मिळावे, हा प्रश्न बांधाइतकाच जुना आहे. आपल्या कहाणीचे हेच मुख्य सूत्र आहे.

सुदर्शन तलाव पुढे इ. स. ४५५-५६ च्या सुमारास पुन्हा फुटला आणि स्कंदगुप्ताच्या कारकिर्दीत चक्रपालिताने तो पुन्हा बांधला. आज तो तलाव नाही, लेख मात्र आहे. मातीचा बांध कायमचा बांधून होत नाही, त्याची निगा राखणारी माणसे असतील तोवरच तो टिकतो, हा त्या शिळेचा दुसरा धडा होय.

तलावांचा मुलूख

आपल्या महाराष्ट्रात अशा तलावांची सर्वांत समृद्ध परंपरा पूर्व विदर्भात आढळते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागांत हजारो जुने तलाव आहेत; भंडाऱ्यास तर तलावांचा जिल्हा असेच म्हणत. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्यास जमिनीचे हक्क देण्याची पद्धत होती. जमिनीचा उतार ओळखून पाण्याची जागा हेरण्यात कोहळी समाजाची मोठी ख्याती होती. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हे त्यांच्या कौशल्याचे भव्य उदाहरण. हे गाव नावातच बांध बाळगून आहे.

पुढे मालगुजारी पद्धतीत हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले आणि त्यांना मालगुजारी तलाव असे नाव पडले. धान शेतीला पाणी देणे, गुरांना पाणी, मासळी, शिंगाडे, पाळीवरची झाडे अशा अनेक उपयोगांनी गावातील बहुतेक जातीजमातींचा तलावाशी संबंध येई. व्यवस्था विषम होती यात शंका नाही. मालगुजार हा मालक आणि बाकीचे त्याच्या मर्जीवर अवलंबून असत. परंतु गाळ काढणे आणि पाळ सावरणे ही कामे दरसाल होत असत.

१९५० च्या कायद्याने मध्य प्रांतातील मालगुजारी नष्ट झाली व १९५१ मध्ये तलाव सरकारजमा झाले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ती गोष्ट आवश्यकच होती. तथापि, मालक गेला आणि त्याच्या जागी जबाबदारी घेणारा गाव मात्र उभा राहिला नाही. ज्यांचे पाण्यावरचे हक्क नोंदलेले होते ते पाणीपट्टी देण्यास तयार नव्हते, आणि पट्टी नाही म्हणून शासन दुरुस्तीस उत्सुक नव्हते. अनेक तलाव गाळाने भरत गेले. हक्क बदलणे कायद्याने साधते. निगा राखण्याची सवय मात्र कायद्याने निर्माण होत नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांस यात काही अपरिचित वाटणार नाही. तामिळनाडूतील एरी, कर्नाटकातील केरे, आंध्र-तेलंगणातील चेरुवू, दक्षिण बिहारमधील आहर, राजस्थानातील जोहड ही सर्व याच कुळातील भावंडे आहेत. तामिळ प्रदेशात गावकऱ्यांनी मिळून तलावाची डागडुजी करण्याच्या प्रथेला कुडिमरामत असे नाव आहे. भाषा बदलली तरी मातीचा स्वभाव आणि माणसांपुढचा प्रश्न बदलत नाही.

काळ्या पाषाणाचा स्वभाव

पश्चिम महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील आणि मराठवाड्यातील स्थिती विदर्भाच्या धानपट्ट्याहून निराळी आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भूभाग लाव्हारसापासून झालेल्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. हा पाषाण थरांथरांचा आहे. एखादा थर अभेद्य कातळाचा, तर त्याखालचा किंवा वरचा मऊ, सच्छिद्र मांजऱ्या खडकाचा. वरच्या बाजूस ऊन-पावसाने झिजून मुरूम झालेला असतो. कातळात पाणी शिरते ते केवळ भेगांतून; मुरमात आणि मांजऱ्यात ते मुरते आणि साठते. आपल्या विहिरींना लागणारे झरे बहुधा याच थरांतले.

अशा भूमीत पावसाचे दिवस थोडे आणि सरी मात्र दांडग्या. पाणी उतारावरून वेगाने ओढ्यात, ओढ्यातून नदीत, आणि नदीतून पार समुद्राकडे निघून जाते. जाताना सुपीक माती घेऊन जाते. मुरण्यास त्यास सवड मिळत नाही. ही सवड मिळवून देणे, एवढेच पाझर तलावाचे काम.

म्हणूनच पाझर तलाव हा गावतलावाहून वेगळा ठरतो. गावतलावात पाणी टिकले पाहिजे. पाझर तलावातून ते हळूहळू नाहीसे झाले पाहिजे. त्याच्या बांधातून गळती होता कामा नये, परंतु तळातून मात्र पाणी झिरपत राहिले पाहिजे. त्यास बहुधा कालवा नसतो. पावसाळ्यात तो भरतो, हिवाळाभर आटत जातो, आणि उन्हाळा येईतो त्याचा तळ उघडा पडतो. परगावचा पाहुणा तो कोरडा तळ पाहून सरकारच्या नावाने बोटे मोडतो. पण त्याच वेळी बांधाच्या खालच्या अंगास अर्ध्या कोसावरच्या विहिरीत मोटेपुरते किंवा पंपापुरते पाणी असते. लवकर रिकामा होणे हेच ज्याचे यश, असे हे जगावेगळे जलाशय आहे. उलट, चैत्रापर्यंत तुडुंब राहिलेला पाझर तलाव बहुधा चुकीच्या जागी, अभेद्य कातळावर बांधलेला असतो किंवा त्याच्या तळाशी गाळाचा थर बसलेला असतो. त्याचे पाणी विहिरींऐवजी उन्हाला मिळते.

हिशेबासाठी एक साधे गणित मांडून पाहू. एका हेक्टरवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी ५,००० घनमीटर, म्हणजे ५० लाख लिटर होते. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र १०० हेक्टर धरले आणि पडलेल्या पावसाचा केवळ पाचवा हिस्सा ओढ्यात आला असे मानले, तरी वर्षाकाठी एक लाख घनमीटर पाणी त्या ओढ्यातून जाते. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावाच्या शिवेवरून एवढे पाणी डोळ्यांदेखत निघून जाते, ही गोष्ट ज्यांच्या ध्यानी प्रथम आली त्यांचे स्मरण येथे केले पाहिजे.

जोतीरावांची सूचना आणि दुष्काळाची कामे

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतीच्या दुर्दशेवर जे उपाय सुचविले आहेत, त्यांत ठिकठिकाणी ताली व बंधारे घालण्याचा उपाय ठळकपणे येतो. सरकारच्या पदरी असलेल्या पलटणी व पोलीस यांच्या फावल्या वेळातील श्रमाचा उपयोग करून हे बांध अशा रीतीने घालावेत की पावसाचे पाणी शेतांतून मुरत मुरत मग नाल्याला मिळेल आणि डोंगरावरून येणारे सत्त्व वाहून न जाता शेतात राहील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आज ज्यास आपण पाणलोट विकास म्हणतो, त्याचे बीज या सूचनेत स्पष्ट दिसते. माती वाहण्याचा भार पुन्हा शेतकऱ्याच्याच पाठीवर टाकू नये, ही त्यांची दृष्टी तर अधिकच लक्षणीय होय.

याच सुमाराचा सरकारी इतिहास मात्र वेगळे सांगतो. सोलापूरजवळ आदिला नदीवरील एकरुख तलावाचा मातीचा बांध १८७१ मध्ये पूर्ण झाला. मोठ्या मातीच्या धरणांचे ते मुंबई इलाख्यातील एक आरंभीचे उदाहरण. त्यानंतर पाचच वर्षांत १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला. लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर लोटली. या कामांवरील धान्याचे प्रमाण सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेनुसार दिवसास एक पौंडावर आणण्यात आले, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याचा जोरदार निषेध केला आणि हजारो मजुरांनी कामे सोडून दिली. उपाशी माणसाकडून किती माती वाहून घ्यावी, याचा हिशेब पौंडांत आणि आण्यांत होत होता. कोशातून खर्च करून प्रजेला पीडा न दिल्याचे सांगणारा रुद्रदामन येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

बहात्तरचा दुष्काळ

ज्या दुष्काळाने महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांत पाझर तलाव पोहोचविला, तो १९७२ चा. त्याआधीची दोन वर्षेही अपुऱ्या पावसाची गेली होती. १९७२ मध्ये पावसाने पुरतीच पाठ फिरविली. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने गेली, धान्याच्या दुकानांतून तांबडी मिलो मिळू लागली. त्या पिढीतील माणसांच्या तोंडी आजही वर्षाचा आकडा पूर्ण येत नाही. नुसते ‘बहात्तर’ म्हटले की सर्व समजते.

या वेळी शासनाने जी कामे काढली, त्यांचा विस्तार अभूतपूर्व होता. मे १९७३ मध्ये या कामांवर असलेल्या मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली होती. खडी फोडणे, रस्ते, नालाबांध, शेतांचे बांधबंदिस्तीकरण आणि पाझर तलाव अशी ती कामे. जमीनदार आणि भूमिहीन, मराठा आणि दलित, एका रांगेत बसून खडी फोडीत होते. मुलाबाळांना सुकडी वाटली जाई. मजुरांत स्त्रियांचा भरणा फार मोठा होता. डोईवर पाटी, कमरेला मूल, आणि भरावावर चढत जाणारी रांग हे त्या दिवसांचे दृश्य होते.

असा बांध उभा कसा राहतो, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण त्यात वाटते त्यापेक्षा अधिक शास्त्र आहे. प्रथम ओढ्याच्या पात्रात बांधाच्या संपूर्ण लांबीभर चर खणून तो पक्क्या थरापर्यंत न्यावा लागतो. त्यात चिकण काळी माती भरून ती थराथराने पाणी मारून धुम्मसाने किंवा रोलरने दाबतात. याच काळ्या मातीचा गाभा वरपर्यंत चढविला जातो. काळी माती पाणी अडविते खरी, परंतु ओली झाली की फुगते व घसरते आणि वाळली की भेगाळते. म्हणून तिच्या दोन्ही अंगांस मुरमाचे जाड कवच चढवितात. पाण्याच्या बाजूस लाटांपासून रक्षण व्हावे म्हणून दगडांची फरसबंदी, तर खालच्या बाजूस झिरपलेले पाणी माती न नेता निघून जावे म्हणून दगड-वाळूची योजना असते. उंची बहुधा दहा-बारा मीटरांच्या आत.

या सर्वांहून महत्त्वाचा असतो तो सांडवा. दगडी धरणावरून पाणी वाहिले तर ते शोभून दिसते. मातीच्या बांधावरून चार बोटे पाणी वाहिले तर काही तासांत बांध उरत नाही. म्हणून बांधाच्या एका टोकाला, पक्क्या जमिनीत, जादा पाण्याला वाट करून द्यावी लागते. भरावातील एखादी पोकळी, उंदराचे किंवा खेकड्याचे बीळ, झाडाचे कुजलेले मूळ एवढेही नाशाला पुरे होते. मातीचा बांध किती निष्ठुरपणे हिशेब चुकता करतो याचा अनुभव महाराष्ट्राने १२ जुलै १९६१ रोजी घेतला होता. बांधकाम अपुरे असतानाच भरलेले पानशेतचे मातीचे धरण त्या दिवशी फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचा बांधही फोडला आणि पुणे शहर पाण्याखाली गेले. लहान बांधाचे नियम याहून वेगळे नाहीत. केवळ हानीचे प्रमाण लहान असते.

दुष्काळी कामांतून बांधलेल्या तलावांविषयी तक्रारीही पुष्कळ झाल्या आणि त्यांत तथ्य होते. काम देणे तातडीचे होते, जागेची पाहणी करण्यास वेळ नव्हता. काही बांध चुकीच्या खडकावर बसले; काहींचे चर पुरेसे खोल गेले नाहीत; काही पाऊस येताच अर्धवट राहिले. हजेरीपटावरील नावे आणि भरावावरील माणसे यांचा मेळ सर्वत्र बसत होता असेही नाही. तरीदेखील त्या दुष्काळात महाराष्ट्रात पूर्वीच्या दुष्काळांसारखा मृत्यूचा थैमान झाला नाही, याचे मोठे श्रेय या कामांना दिलेच पाहिजे.

दुष्काळ ओसरला, परंतु त्यातून एक विचार स्थिर झाला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या शासनाने स्वीकारलेली रोजगार हमी योजना हा तो विचार. मागेल त्याला काम, आणि ते काम शक्यतो शेतीची उत्पादकता वाढविणारे असावे, हे तिचे सूत्र. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मिळणे ही कृपा न राहता हक्क झाला. या योजनेच्या खर्चासाठी १९७५ च्या कायद्याने शहरांतील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. मुंबईच्या कचेरीतील कारकुनाच्या पगारातून दरमहा कापले जाणारे थोडे रुपये माणच्या किंवा आष्टीच्या माळावर मातीची पाटी वाहणाऱ्या स्त्रीच्या मजुरीत पोहोचत होते. संसदेने २००५ मध्ये संपूर्ण देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा संमत केला, तेव्हा त्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

पाणी कोणाचे?

मजुरीचा प्रश्न असा काही अंशी सुटला. परंतु त्याच्या पोटातून दुसरा, अधिक अवघड प्रश्न वर आला. पाझर तलावाशी तीन प्रकारच्या माणसांचा संबंध येतो. एकाची जमीन बुडीत क्षेत्रात जाते. दुसरा बांधावर माती वाहतो. आणि तिसऱ्याच्या विहिरीला पाणी येते. पुष्कळदा ही तीन निरनिराळी माणसे असतात. तलाव सरकारी, ओढा सर्वांचा. पण मुरलेले पाणी ज्याच्या जमिनीतील विहिरीत उतरले त्याचे, हा व्यवहार. म्हणजे साऱ्या गावाने घाम गाळावा आणि बांधाखालच्या चार विहिरवाल्यांनी ऊस लावावा, असे झाले तर त्यात नवल काही नाही.

या प्रश्नाला थेट हात घालणारा पहिला मोठा प्रयोग पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात झाला. पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळात तेथील माणसे खडी फोडताना पाहिली. १९७४ मध्ये त्यांनी नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक, उताराची जमीन भाडेपट्ट्याने घेतली. उतारावर समपातळीत बांध घातले, तळाशी पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर खणली आणि ते पाणी पुन्हा वर उचलून धान्याच्या पिकांना दिले. ओसाड माळ हिरवा झाला.

त्यातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीचे नियम आज वाचतानाही मन थक्क होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यावे. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. ऊस लावू नये. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाऊ नये. खर्चाचा काही भाग लाभार्थींनी स्वतः उचलावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भूमिहीनालाही पाण्यात वाटा असावा. पाटी वाहणाऱ्याला पाण्याचा धनी करणारा हा नियम, माझ्या मते, बांधाच्या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठे पाऊल होय.

योगायोग असा की, त्याच सुमारास शेकडो मैल दूर, चंदीगडजवळ शिवालिकच्या पायथ्याशी असलेल्या सुखोमाजरी गावातही हेच सत्य दुसऱ्या वाटेने उमगले. चंदीगडच्या सुखना तलावात गाळ भरू लागला होता. तो कोठून येतो याचा शोध घेत मृद्संधारण संस्थेचे शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा या गावाच्या टेकड्यांपर्यंत पोहोचले. १९७६ पासून तेथे मातीचे लहान बांध घालण्यात आले. गावकऱ्यांनी गुरे टेकडीवर सोडणे थांबविले तरच बांध टिकणार होता. आणि जमीन नसलेल्या गुराख्याला पाणी मिळणार नसेल तर त्याने गुरे का आवरावीत? अखेरीस प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनासही, पाण्याचा समान वाटा ठरला. मग टेकडीला कुंपण घालावे लागले नाही. गावाची संमती हेच कुंपण झाले. पुरंदरच्या मराठी शेतकऱ्याला आणि शिवालिकच्या गुज्जर पशुपालकाला मातीने एकच धडा दिला.

नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गळका पाझर तलाव गावाने श्रमदानासह दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी आले. त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० नंतर आणखी पुढे जाऊन पाण्याचा वार्षिक ताळेबंद सुरू केला. पाऊस किती पडला हे मोजायचे, मग ग्रामसभेने कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे, आणि शेतीसाठी विंधन विहीर घ्यायची नाही. या गावांत बांध इतर गावांसारखाच होता. वेगळेपण होते ते बांधाखालच्या करारात.

पन्नास वर्षांनंतर

बहात्तरच्या दुष्काळात बांधलेल्या तलावांना २०२२-२३ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्यांचा सुवर्णमहोत्सव कोणी साजरा केल्याचे ऐकिवात नाही. अनेकांच्या तळाशी गाळ बसला आहे. पाझर तलावाला गाळ म्हणजे श्वासनलिकेत साचलेला कफ. बारीक माती तळाची छिद्रे बुजविते आणि पाणी मुरण्याऐवजी उन्हाने उडून जाते. हाच गाळ शेतात टाकला तर मात्र तेच सोने. पूर्वी शेतकरी बैलगाड्या जुंपून तो नेत असत. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या नावाने योजना काढून त्याच जुन्या शहाणपणाला सरकारी रूप दिले.

दुसरे संकट जमिनीखालचे आहे. बांध मुरमात आणि मांजऱ्यात पाणी भरतो; विंधन विहिरी शेकडो फूट खोल जाऊन ते उपसतात. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यास १९९३ च्या कायद्याने बंदी घातली, आणि पुढे भूजलासाठी अधिक व्यापक कायदाही झाला. तथापि, जमिनीखालचे पाणी डोळ्यांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची वाटणी तलाठ्याला करता येत नाही. ती गावालाच करावी लागते. वर थेंबाथेंबाने भरावे आणि खाली धारेने उपसावे, असे चालले तर कितीही बांध घातले तरी हिशेब जुळणार नाही.

आपण महाराष्ट्रापासून दूर राहणारी माणसे. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यांत कोणी तरी नोकरीच्या, शिक्षणाच्या किंवा पावसाने दगा दिल्यामुळे पोटाच्या मागे गाव सोडले. गावची जमीन भावाकडे असेल, कुळाकडे असेल किंवा विकलीही असेल. तरी सणावाराला, लग्नकार्याला आपण गावी जातो आणि देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती आनंदाने फाडतो. पुढच्या खेपेस देवदर्शन झाले की ओढ्याच्या वाटेने थोडे पुढे चालत जावे. बांधावर बाभळी वाढल्या आहेत काय, सांडव्याची भिंत ढासळली आहे काय, तळात गाळ किती, बांधाखालच्या विहिरींना पाणी केव्हापर्यंत असते आणि ते कोणाकोणाला मिळते, एवढे चार प्रश्न गावातील वडीलधाऱ्यांना विचारावेत. ज्यांनी बहात्तरात तेथे पाटी वाहिली, अशी एखादी आजी गावात अजून असेल, तर तिच्याकडून बांध कसा घातला हे ऐकून, जमल्यास लिहूनही घ्यावे. या बांधांच्या सरकारी नोंदींत खर्च आणि घनमीटर सापडतात. माणसांची नावे जुन्या हजेरीपटांबरोबरच नाहीशी झाली आहेत.

आणि गाळ काढण्याचे काम गावाने ठरविले, तर त्यास हातभार लावताना एक अट अवश्य घालावी. गाळ निघाल्यावर मुरणाऱ्या पाण्यात ज्याला शेत नाही त्याचाही वाटा असावा. रुद्रदामनाने वेठ घेतली नाही हे शिळेवर कोरले, त्यास अठराशे वर्षांहून अधिक काळ लोटला. माती वाहणाऱ्याला मजुरी मिळते, हे आपण बहात्तरनंतर कायद्यात लिहिले. त्याला पाणीही मिळते, हे लिहिणे बहुतेक गावांत अद्याप बाकी आहे.